छबुआत्याचं बसायचं लॉन

हरळी म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. बाया जन्मभर ती खुरपतात. कापसात हरळी, तुरीत हरळी, उपटून बांधावर फेकली तर बांधावरून चालत परत शेतात येती. अन् माझ्या आत्यानं, छबुबाईनं, वयाच्या साठीत ती हरळी मुद्दाम दारात लावली, तिला खत घातलं, पोराचे केस कापावेत तशी बसून कापली अन् तिला लॉन म्हणलं. गाव हसणारच. हसलं त्याचं मला काही न्हाई. हसल्यावर पुढं जे केलं त्याचा मला अजून राग येतो, म्हणून सांगते.

आत्याचा नवरा सहकारी साखर कारखान्यात गेटवर वॉचमन होता. तो लवकर वारला. मग कारखान्यानं आत्याला रोजंदारीवर घेतलं अन् काम दिलं गेस्ट हाऊसपुढच्या लॉनचं. बावीस वर्षं ती तेच करत होती. संध्याकाळी संचालक लोक, पाहुणे, मोठे बागायतदार त्या लॉनवर वेताच्या खुर्च्या टाकून बसायचे. अन् चारी कोपऱ्याला पाट्या होत्या, 'लॉनवर बसू नये'. पाटी कोणासाठी होती ते न सांगता कळत होतं. खुर्चीवरच्या माणसासाठी नक्कीच नव्हती.

एकदा भर दुपारी आत्या लॉनच्या कडेला, गुलमोहराच्या सावलीत भाकर सोडून बसली. सुपरवायझर आला.

"बाई, पाटी वाचता येत न्हाई का?"

"वाचता न्हाई येत. पण रंगवली मीच हाय," आत्या म्हणली.

"मग उठा."

"साहेब, गवत कापायला बसले तर चालतं, अन् भाकर खायला बसले तर गवत मरतं का?"

"नियम हाय, बाई."

आत्या उठली. भाकर तिनं पाण्याच्या टाकीमागं उभ्यानं खाल्ली. हे मला तिनं दहा वेळा तरी सांगितलं असंल, अन् दर वेळी शेवटी एकच म्हणायची, "उठायला नव्हतं पाहिजे गं."

मग दुष्काळ आला, ऊसच न्हाई तर गाळायचं काय, कारखाना बंद पडला. सगळे आपापली बोचकी घेऊन निघाले. आत्या पण निघाली, माहेराला, म्हणजे आमच्याकडं, नेकनूरजवळ. एका हातात पिशवी, अन् डोक्यावर घमेलं, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ह्यात काय हाय?"

"हरळी."

"हरळी? लोक उपटून फेकत्यात अन् तुमी एसटीनं नेताय?"

"तिकीट लागतंय का तिला?"

"न्हाई, तिला फुकट. पण खाली उतरवू नका, माझं शेत हाय पुढं," कंडक्टर म्हणला अन् सगळी गाडी हसली.

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला दोन खोल्या अन् पुढची मोकळी जागा दिली. आप्पांना वाटलं बहीण तिथं मेथी-कोथिंबीर लावील. तिनं पहिल्या पावसाळ्यात कारखान्याच्या लॉनवरून आणलेल्या घमेल्यातल्या काशा, म्हणजे हरळीची ती गाठी-गाठीची पांढरी मुळं, बोटबोट तोडून वीतभर अंतरावर टोचल्या. दिवाळीपर्यंत दारात हिरवी सतरंजी झाली. अन् पहिल्या दिवशी तिनं काय केलं, तर ताट वाढून घेतलं अन् मधोमध जाऊन बसली. सावकाश जेवली. आप्पा म्हणले, "आक्का, आत बस की, ऊन हाय." ती म्हणली, "न्हाई. हितंच."

त्या दिवसापासून ते लॉन सगळ्या गल्लीचं झालं. संध्याकाळी बाया लसूण सोलायला तिथं. किराणा दुकानाच्या शांताकाकू दुकान म्हाताऱ्यावर सोडून तिथं. आश्रुबा तात्या, ज्यांनी सत्तर वर्षं हरळीशी मारामारी केली, ते तर आडवेच व्हायचे अन् म्हणायचे, "छबे, दुश्मनाच्या अंगावर झोप लई चांगली लागती."

मी कॉलेजला बीडला राहते. शनिवार-रविवार आत्याच्या हाताखाली. ती शिकवायची न्हाई, करत करत बोलायची. पावसाळ्यात म्हणायची, उंचीचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याच्या खाली हात लावायचा न्हाई, बोडकं केलं की तिला ऊन लागतं. विळ्याला धार पाहिजे, बोथट विळा गवत कापत न्हाई, फाडतो, अन् शेंडे पांढरे पडतात. ओल्यात कापायचं न्हाई. कापलेलं तिथंच पडू द्यायचं, ते तिचं तिलाच खत. लव्हाळा दिसला की खुरप्याचं टोक खोल घालून खालच्या गाठीसकट काढायचा, नुसता वरून ओढला की एकाचे तीन. दिवाळीनंतर कुजलेलं शेणखत अन् तळ्यातला गाळ चाळून पातळ पसरायचा अन् खराट्यानं मुळात सारायचा. थंडीत ती पिवळी पडती, पडू द्यायची.

अन् पाणी. पाण्यावर तिचं सगळ्यात कडक होतं.

"रोज शितोडे मारले की मुळं वर येतात, आळशी व्हतात. आठ-पंधरा दिवसाला एकदाच, पण पोट भरून. मग मुळं पाणी हुडकीत खाली जातात."

"अन् पाणीच न्हाई मिळालं तर?"

"तर झोपती. तहानेनं मरत न्हाई ती, तुझ्यावानी नाजूक न्हाई."

सोळा सालचा उन्हाळा आला अन् तीच गोष्ट खरी करायची वेळ आली. विहिरी कोरड्या, बोअरमधून नुसती हवा. टँकर दोन-तीन दिवसाआड. टँकर रिकामा व्हायचा दूध संस्थेच्या आवारातल्या टाकीत, कारण गावात मोठी टाकी तेवढीच, अन् वाटप करायचा संस्थेचा चेअरमन बद्रीनाथ. बद्रीनाथचं घर तीन पिढ्या गावाचं पुढारपण करतंय. साठ एकर शेती, मोसंबीची बाग, बागेपुरतं स्वतःचं शेततळं, पण त्यानं जन्मात खुरपं धरलेलं न्हाई. शेती गडी करतात, हा सह्या करतो.

आत्या थंडीपर्यंत सांडपाण्यावर लॉन जगवत होती. तेही असं-तसं न्हाई. राखेनं घासलेल्या भांड्याचंच पाणी घ्यायची, पावडरचं न्हाई. शांताकाकूंच्या मोरीचं, आमच्या मोरीचं, बादलीनं. फाल्गुनात तिनं तेही बंद केलं. म्हणली, आता ते पाणी म्हशीला द्या. अन् लॉन वाळलं. बघता बघता खराट्यासारखं झालं. आत्या रोज संध्याकाळी त्याच वाळलेल्यावर बसायची अन् बायांनाही बसवायची, फक्त एका जागी दोन दिवस न्हाई, जागा बदलायची.

तरी बद्रीनाथ टाकीवर सगळ्यांदेखत म्हणलाच, "गावाला प्यायला पाणी न्हाई अन् छबुबाईच्या दारात बगीचा."

आत्या घागर भरत होती. म्हणली, "ये की बघायला. वाळला हाय तुझ्या दूध संस्थेच्या नफ्यावानी."

लोक हसले. बद्रीनाथ हसला न्हाई.

एप्रिलमध्ये मी सुट्टीला घरी आले अन् आत्याला नांदूरघाटला जावं लागलं, नणंदेच्या घरी कोणी वारलं होतं. दहा-बारा दिवस. जाताना मला म्हणली, "लॉनला काही करू नको."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नको, हेच काम हाय. लई अवघड हाय, जमंल का?"

मला जमलं न्हाई. टाकीच्या रांगेत एक जण मला म्हणला, "तुझ्या आत्याचं लॉन खपलं म्हणं. दहावं कधी घालता?" अन् बाकीचे फिदीफिदी. मी घरी आले, ते वाळलेलं लॉन बघितलं, मला वाटलं खरंच मेलं, आत्या आल्यावर तिला काय तोंड दाखवू. मी काही विचार केला न्हाई. सकाळी टँकरचं आणलेलं पाणी, सहा घागरी, पायरीजवळच्या कोपऱ्यावर ओतलं. दोन दिवसांनी परत दोन. प्यायचं पाणी. मी ओतलं.

आठ दिवसात तो कोपरा हिरवा झाला. एक बाज टाकता येईल एवढा. सगळ्या करड्या लॉनमध्ये तेवढाच, झेंड्यासारखा. लांबून रस्त्यावरून दिसायचा. मला किती आनंद झाला होता, मी तर त्याचा फोटो काढला.

आत्या एसटीतून उतरली, फाटकात आली अन् पिशवी हातात धरूनच उभी राहिली.

"कुणी पाजलं?"

मी म्हणले, "मी. मरत होतं ते."

"मरत न्हवतं. झोपलं व्हतं. तू उठवलं अन् आता त्याला रोज मागायची सवय लावली." ती ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कोणतं पाणी?"

मी दारातल्या रिकाम्या घागरींकडं बघितलं. तिला कळलं.

दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथ फाटकात. बरोबर चार माणसं. त्यानं हिरव्या कोपऱ्याकडं नुसतं बोट केलं. बोलायला काही ठेवलंच नव्हतं मी. ग्रामसभा लावली, मारुतीच्या पारावर. बद्रीनाथ म्हणला, "पुरावा डोळ्यापुढं हाय. ठराव असा, की ते लॉन खणून काढायचं. न्हाईतर त्या घराचं टँकरचं पाणी बंद."

मी उभी राहिले. म्हणले, "आत्या गावाला गेलती. पाणी मी ओतलं, आठ घागरी. तिनं मला न्हाई म्हणून सांगितलं होतं."

"कोणी का ओतंना. लॉन कोणाचं?"

"माझं," आत्या म्हणली. ती खालीच बसली होती, उठली पण न्हाई. "पोरीचं चुकलं. आठ घागरी माझ्या पाळीतून कापा, दोन पाळ्या मला पाणी देऊ नका. त्याला मी तयार हाय. पण पाणी बंद करायची भाषा करू नको बद्रीनाथ, ते तुझ्या घरचं न्हाई."

"अन् लॉन?"

"लॉन मी माझ्या हातानं काढायची न्हाई. बावीस वर्षं लोकाच्या लॉनवरून उठले. माझ्या लॉनवरून मला उठवायचं तर तुला यावं लागंल."

"येतो की. उद्या ट्रॅक्टर आणतो."

"आण."

मला वाटलं गाव काहीतरी बोलंल. रोज तिथं बसून बायांनी लसूण सोललेला, तात्या तिथं झोपलेले. कोणी बोललं न्हाई. सगळ्यांच्या घागरी त्याच टाकीवर भरायच्या होत्या. मी रडत घरी आले अन् आत्या मला म्हणली, "रडून पाणी वाया घालू नको." ही तिची गंमत, त्या वेळेला.

सकाळी ट्रॅक्टर आला. म्हाळू चालवत होता, बद्रीनाथचा ड्रायव्हर, आमच्याच गल्लीतला. फाटक काढून बाजूला ठेवलं. सगळी गल्ली जमलेली. म्हाळूनं खाली उतरून आत्याकडं बघितलं, मग मालकाकडं.

"मालक, नांगर जोडू का रोटर?"

नांगर खोल जातो, मातीची ढेकळं उलटी करतो. रोटर वरवरची माती भुगा करतो, पाती गरगर फिरतात.

बद्रीनाथनं घड्याळ बघितलं. "रोटर लाव. दहा मिनिटात उरकंल."

अन् मी बघितलं, सगळी गल्ली एकदम गप्प झाली. आधीपण गप्पच होती, पण हे गप्प वेगळं होतं. आश्रुबा तात्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. म्हाळू काहीतरी बोलणार होता, तात्या म्हणले, "लाव की बे. मालक सांगतोय तर रोटर लाव." एका बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडती.

ट्रॅक्टर आत गेला. तीन वर्षांचं लॉन दहा मिनिटात भुगा. हिरवा कोपरा सगळ्यात आधी. मी बघू शकत नव्हते. शांताकाकूंनी माझा हात धरला होता, त्या मला सोडंनात, अन् कानात म्हणल्या, "गप उभी राहा. काय बी बोलू नको."

आत्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती. म्हाळू ट्रॅक्टर बाहेर काढायला लागला तशी ती म्हणली, "म्हाळू, पुढं कुठं चाललास?"

"मालकाच्या मोसंबीत. ओळीमधलं भुसभुशीत करायचंय."

"मग पाती धुऊन जा बाबा. काशा अडकल्यात."

खरंच, पात्यांना पांढऱ्या काशांचे झुपके लोंबत होते. म्हाळूनं मालकाकडं बघितलं.

"प्यायला पाणी न्हाई अन् हिला ट्रॅक्टर धुवायचाय," बद्रीनाथ म्हणला. "चल, ऊन चढतंय."

"मी सांगितलं," आत्या म्हणली. सगळ्यांनी ऐकलं.

ट्रॅक्टर वळणाच्या पलीकडं गेला अन् आश्रुबा तात्या जे हसले, खोकला लागेपर्यंत हसले. म्हणले, "सत्तर वर्षात हरळी मारायचे सगळे उपाय केले पोरी. खोल नांगरायची, वैशाखात उलटी पाडायची, काशा वेचून जाळायच्या, तवा कुठं दोन वर्षात मरती. हे एक मातर कोणी शहाणा करत न्हाई. रोटर. एका काशीच्या पन्नास काशा करून दिल्या त्यानं छबीला."

"अन् तुमी बोलला न्हाई," मी म्हणले. मला राग पण आला, हसू पण.

"बोललो की. म्हणलो, लाव."

आत्या हसत नव्हती. तिनं मूठभर भुगा उचलला, चाळून बघितला. वरच्या काशा दुपारपर्यंत उन्हानं वाळून जाणार, खालच्या राहतील का, तिला तरी कुठं खात्री होती. मे महिन्याचं ऊन होतं. ती मला म्हणली, "फावडं आण. वरची माती दाबून घेऊ, खाली सावली राहील." आम्ही दोघींनी ती जागा सपाट केली. संध्याकाळी बाया लसूण घेऊन आल्या, मातीच बघून फाटकात थांबल्या. आत्या म्हणली, "या. बसू नका आज, चाला. पायानं दाबा." अन् सगळ्या बाया, शांताकाकू, आमची आई, त्या मातीवर गोल गोल चालत राहिल्या, लसूण सोलत. ट्रॅक्टरच्या वेळेला ज्यांच्या तोंडातून शब्द निघाला न्हाई त्याच. मी त्यांना माफ केलं का मला माहीत न्हाई. आत्यानं केलं.

दोन पाळ्या आत्यानं टँकरचं पाणी घेतलं न्हाई. मी माझ्या वाट्याचं दिलं तर घेईना. म्हणली, बोलले ते बोलले. शांताकाकू मात्र तिला दोन्ही वेळेला जेवायलाच घेऊन जायच्या, म्हणायच्या, जेवणाबरोबर पाणी प्यायचं न्हाई असा ठराव कुठं झालाय.

मी कॉलेजात असताना रोज आप्पांना फोन करून एकच विचारायचे. आप्पा म्हणायचे, माती हाय. जून संपत आला तरी माती. मग एक दिवस म्हणले, "सुया दिसतात." मी त्याच दुपारच्या गाडीनं आले. खरंच सुया होत्या, तांबूस, इकडं तिकडं. पोळ्यापर्यंत लॉन आधीपेक्षा दाट, आधीपेक्षा मोठं, फाटकाच्या बाहेर वीतभर गेलेलं. पायरीजवळचा कोपरा कोणता होता ते ओळखू येत नव्हतं. मी लई शोधला.

गणपतीच्या आधी बद्रीनाथ आला. एकटा, पायी. फाटकाशी उभा राहिला. आत्या विळा घेऊन लॉन कापत बसली होती, मी तिच्याजवळ लव्हाळा काढत होते.

"छबुबाई, बोलायचं व्हतं."

"बोल."

"मोसंबीत हरळी लई माजली. दोन वेळा खुरपून घेतली, परत येतीय. रोटर मारला तर आणखीनच. लोक म्हणत्यात तुमाला तिच्यातलं कळतं."

आत्यानं विळा खाली ठेवला. "बस."

"न्हाई, हितंच ठीक हाय."

"आधी बस. मग सांगते."

त्यानं आजूबाजूला बघितलं, खुर्ची हाय का म्हणून. खुर्ची नव्हती. रस्त्यावरून दोन माणसं चालली होती, तीही थांबली. मग त्यानं चपला काढल्या अन् पांढऱ्या कपड्यात लॉनवर बसला, मांडी घालून, अवघडून.

आत्या म्हणली, "पुढच्या उन्हाळ्यात खोल नांगर, झाडाची मुळं सांभाळून. काशा हातानं वेच अन् जाळ. दोन वर्षं लागतील. अन् रोटरला हात लावू नको, त्यानं ती मरत न्हाई, वाढती."

बद्रीनाथनं गवताची एक काडी उपटून बघितली. त्याच्या डोक्यात तो ट्रॅक्टरचा दिवस फिरत होता, तोंडावर दिसत होतं.

"हे तुमाला तवा बी माहीत व्हतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत व्हतं," आत्या म्हणली अन् विळा परत हातात घेतला. "पाय जरा आवर, तेवढं कापायचं राहिलंय."